लाल विरुद्ध लाल

रसायनशास्त्र शिकलेल्या बाईला हस्तिदंत रंगवणं अवघड नाही, असं मी मामंजींना सांगितलं. शांत आवाजात बढाई मारली की ती बढाई वाटत नाही.

त्यांच्या हस्तिदंती बुद्धिबळांतली लाल सेना विटून पांढरीसारखीच दिसू लागली होती. गेल्या रविवारी माजिवड्याच्या त्र्यंबकरावांनी मामंजींचा वजीर मारला, तोही मामंजींच्याच घोड्यानं. मामंजी त्यांना लबाड म्हणाले. "रंग लागेपर्यंत पायरी चढणार नाही," म्हणत त्र्यंबकराव निघून गेले. पेन्शनीतल्या मामंजींना दुसरा मित्र नव्हता. त्यांचं जेवण अर्ध्यावर आलं.

जुन्या कारागिरांच्या कृती मी वाचनालयात बसून वाचल्या. आधी सिरक्यात भिजवून दात मऊ करायचा, मग तुरटीचं पाणी, मग लाल रंग सोडणाऱ्या पतंगाच्या लाकडाचा कोमट काढा. उकळला तर तडे जातात. सिरका-तुरटी उरकून मी लाल सेना काढ्याच्या पातेल्यात घातली आणि मंद शेगडीवर ठेवली.

"काय शिजतंय?" सासूबाईंनी विचारलं.

"मामंजींची प्यादी."

"हत्तीचा दात? माझ्या पातेल्यात?"

"अगं, तुझा कुंकवाचा करंडा कशाचा आहे?" मामंजी ओटीवरून म्हणाले.

"तो मी शिजवत नाही."

मी शाळेत शिकवून परतले तेव्हा सासूबाई प्रसन्न होत्या. "तुझी पांढरी बाहेरच राहिली होती. तीही टाकली. पातेलं बाटायचं ते एकदाच बाटू दे."

"घाबरू नका," मी मामंजींना म्हणाले. "सिरका नाही, तुरटी नाही. ती रंग धरणारच नाहीत."

झाकण काढलं. ती किंचित जास्तच लाल होती.

सिरक्यात भिजलेल्या लाल मोहऱ्यांच्या आंबटपणानं पातेल्याची कल्हई खाल्ली होती. कल्हईतलं कथील रंग पक्का करतं, हेही कारागिरांनी लिहिलं होतं. पुढच्या पानावर.

पण रंग लागल्याचा निरोप माजिवड्याला आधीच गेला होता. रविवारी त्र्यंबकराव आले. त्यांनी पटाच्या दोन्ही बाजू निरखल्या.

"रंग लागला खरा," ते म्हणाले, आणि वहाणा काढून बसले.

आपलं कुठलं नि त्याचं कुठलं हे ध्यानात ठेवण्यात दोघं इतके गुंतले की भांडायला सवडच मिळाली नाही. दिवेलागणीला एक राजा आडवा झाला.

मामंजी स्वयंपाकघरात आले. "हरवला त्याला. वाढ गं, भूक लागली."

त्र्यंबकराव पायरीवर थांबून मला हळूच म्हणाले, "सूनबाई, त्यांना जपा. हार मनाला लावून घेतात. पुढच्या रविवारी येतोच मी."

मी जाऊन पट पाहिला. शास्त्रीयदृष्ट्या इतकंच सांगता येईल, की पडलेला राजा लाल होता.