अग्निदुर्गची लढाई आणि भागूबाईंचा डोळा

भागूबाईंच्या उजव्या डोळ्यातला मोतीबिंदू काढून महिना झाला होता. त्यासाठी मुलानं, सुदर्शननं, कंपनीत रजा टाकली होती आणि सुनेनं घड्याळ लावून डोळ्यात थेंब घातले होते. तेव्हापासून भागूबाई मुकुंदवाडीतल्या घराच्या गॅलरीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवू शकत होत्या. शिवाय नातवाच्या, अभयच्या नादानं 'अग्निदुर्ग' ही राक्षसांची आणि राजाराण्यांची मालिकाही बघू लागल्या होत्या.

रविवारी दुपारी महालढाईचा भाग होता. अभयनं मित्र जमवले, पडदे ओढले, चिवड्याची परात मधोमध ठेवली. लढाईला तोंड लागलं आणि टीव्ही काळाकुट्ट झाला. तलवारींचा खणखणाट ऐकू येत होता, घोडी खिंकाळत होती, दिसत मात्र काही नव्हतं. भागूबाईंनी चष्मा पुसला, पदरानं डोळा टिपला. काळं ते काळंच.

"काय सीन घेतलाय राव," अभय म्हणाला.

"सेनापतीचा वार बघितला का?" एका मित्रानं विचारलं.

"मग? एक नंबर."

भागूबाईंच्या मनात आलं, सगळ्यांना दिसतंय, म्हणजे आपलाच डोळा गेला. सोयगावच्या नणंदेचंही असंच झालं होतं. आधी तिन्हीसांजेला दिसेना, मग भर दुपारी जावयाला ओळखेना. आणि लेकाची रजा, सुनेची धावपळ, सगळं पाण्यात गेलं म्हणून कोणत्या तोंडानं सांगायचं?

"आज्जी, दिसतंय ना गं?" अभयनं विचारलं.

"व्हय की. लई दांडगी लढाई हाय."

सोमवारी सकाळी 'कोथिंबीर आणते' म्हणून भागूबाई निघाल्या आणि रिक्षानं थेट डोळ्यांच्या दवाखान्यात गेल्या. सिस्टरनं डोळ्यात थेंब टाकले, "आजी, आता डोळे उघडायचे नाहीत," असं बजावलं आणि बाकावर बसवलं. बाकावर अशाच पदर ओढलेल्या, डोळे मिटलेल्या म्हाताऱ्यांची रांग होती. भागूबाई मनातल्या मनात खंडोबाला साकडं घालत होत्या, तेवढ्यात कुणीतरी सिस्टरशी दबक्या आवाजात बोलू लागलं.

"सिस्टर, मला अंधारात दिसेना झालंय. काल टीव्हीवर लढाई लागली, तर काय पण दिसलं नाय. बाकी सगळ्यांना दिसत होतं. ऑपरेशन झालेल्या आमच्या म्हातारीला पण. मी आपला लाजेकाजेनं 'काय सीन, काय सीन' करत बसलो."

सिस्टरनं त्याच्याही डोळ्यात थेंब टाकले आणि त्याला भागूबाईंच्या शेजारीच बसवलं. भागूबाईंनी डोळे न उघडता हात चाचपडत नेला आणि नेमका कान धरला.

"म्हातारी कुणाला म्हणतुस रं?"

"आज्जी? तू हितं?"

"तुला दिसत नव्हतं तर तसं म्हणायला काय झालतं? रातभर माझ्या डोळ्याला डोळा लागला नाय."

"तूच म्हणलीस ना, लई दांडगी लढाई हाय म्हणून. मी तर घाबरलोच."

"तू एक नंबर म्हणलास, म्हणून म्या म्हणलं."

डॉक्टरांनी दोघांनाही तपासलं. डोळे ठणठणीत होते. लढाईच अंधारातली होती, आणि ती बघताना काल डॉक्टरांच्या घरूनही टीव्ही दुरुस्तीवाल्याला बोलावणं गेलं होतं. भागूबाईंना इतका आनंद झाला, की त्यांनी डॉक्टरांच्या डोक्यावरून हात फिरवून कडाकडा बोटं मोडली.

परतीच्या रिक्षात अभय हळूच म्हणाला, "आज्जी, पण जिंकलं कोण? मित्र विचारतेत. मी काल सगळ्यांना समजावून सांगतो म्हणलोय."

"त्यात काय अवघड हाय?" भागूबाई म्हणाल्या. "पुढच्या रविवारी जो जित्ता दिसंल, तो जिंकला."