अकरा महिन्यांच्या करारावर राक्षसीण

आमच्या शेजारच्या सोनावणेकाकांनी एक राक्षसीण अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने दिली, आणि तो करार मी माझ्या हाताने टाइप केला. साक्षीदारांच्या सह्यांसकट. हे वाचून तुम्ही दचकला असाल तर बरंच झालं. मी तर अजून पुरता सावरलेलो नाही.

माझं टेबल उल्हासनगरात रजिस्ट्रार ऑफिसच्या बाहेर, ताडपत्रीखाली. भाडेकरार, वाटणीपत्र, प्रतिज्ञापत्र, जे म्हणाल ते टाइप करून देतो. एका जावयाने "सासऱ्यांनी माझ्या घोरण्याविषयी चारचौघांत बोलू नये" असं स्टँपपेपरवर मागितलं होतं, तेही मी गंभीर चेहऱ्याने करून दिलं. माणसं बघून धक्का बसायचं आपलं वय संपलं, अशा समजुतीत मी होतो. मग आम्ही अंबरनाथला राहायला आलो आणि शेजारी निघाले सोनावणेकाका.

काका एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत बॉयलर अटेंडंट होते. ते रिटायर झाले, पण बॉयलर काही त्यांच्यातून रिटायर झाला नाही. दिसेल त्या वस्तूवर बोटाच्या पेराने टकटक करायची आणि कान लावून ऐकायचं, ही त्यांची सवय. भोपळा, गॅसचं सिलिंडर, जिन्याचा कठडा, कशालाच माफी नाही. आम्ही सामान उतरवत होतो तेव्हा त्यांनी आधी आमच्या कपाटावर टकटक केलं, मग माझ्या पाठीवर केलं आणि माझ्या बायकोला म्हणाले, "प्रेशर ठीक आहे. फक्त भजी कमी द्या." ओळखपाळख काही नाही! मी हबकून उभा, आणि बायको मात्र पोट धरून हसत होती. पुढे कळलं की त्यांचं सगळं जग प्रेशरवर चालतं. कुणाचं लग्न ठरलं की "प्रेशर बसलं", सरकार पडलं की "प्रेशर सुटलं", आणि भाजीवालीने भाव वाढवला की "बाई, आधी प्रेशर बघून बोला."

काकांची बायको वत्सलाबाई नगरपालिकेच्या शाळेत शिक्षिका होत्या. आम्ही आलो त्याच्या आधीच त्या गेल्या. मी त्यांना पाहिलं ते फोटोतच. काकांच्या भिंतीवर बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या तसबिरी, आणि त्यांच्याखाली हा जाड चष्म्यातला फोटो. बाई फोटोतूनसुद्धा आता काहीतरी बोलणार असं वाटायचं.

या बाईंनी मुलांसाठी आठ पुस्तकं लिहिली होती. तळ्याच्या तळाशी सातडोह नावाचं राज्य आहे. जमिनीवर ज्याचं जे हरवतं, ते तिकडे जाऊन पोचतं, आणि माणसं ते शोधायला तळ्यात उतरतात. वाटेत लागतं एका राक्षसिणीचं घर. तिचं नाव खेकसाई. ती येणाऱ्याची मानगूट धरते आणि अंगावर खेकसते, "पाय धुतलेस का? जेवलास का? मग तोंड पाडून कुठे निघालास? बस इथं!" मग पोटभर जेवू घालते आणि पुढची वाट दाखवते. आठ पुस्तकांत मिळून तिने एकाही माणसाला खाल्लेलं नाही. आमच्या बाजूच्या शाळांमधून त्या काळी पोरं एकमेकांची मानगूट धरून हे खेकसणं म्हणून दाखवायची.

पुढे या पुस्तकांच्या प्रकाशकाने दुकान बंद केलं. उरलेल्या प्रती टेम्पोत घालून काकांच्या दारात आणून टाकल्या आणि सांगितलं, आता हक्कही तुमचेच. काकांनी प्रती पोटमाळ्यावर चढवल्या. "मालक ती, मी नुसता रखवालदार," असं ते सांगायचे. पण रखवालदाराला एकच ध्यास होता, ही पुस्तकं पुन्हा छापली गेली पाहिजेत. दादर, गिरगाव, पुणे, सगळीकडचे उंबरठे त्यांनी झिजवले. सगळीकडे एकच उत्तर मिळालं, आता असलं कोण वाचतं काका. इकडे पोटमाळ्यावर वाळवी लागली होती. दर रविवारी काका शिडी लावून वर चढायचे, एकेक पुस्तक झटकायचे आणि धुळीने माखून खाली उतरायचे.

अशात एके दिवशी टेकचंदशेठ आले. हे उल्हासनगरच्या कॅम्प एकमधले सिंधी खेळणीवाले. लुडो, सापशिडी, प्लॅस्टिकच्या भिंगऱ्या, असला त्यांचा माल.

"काका, साईं, माझा पॅकिंगचा काम बंद पडला ना!" त्यांनी आल्या आल्या तक्रारच मांडली. "रद्दी आणली भिंगरी बांधायला. त्यात तुमच्या बाईंची किताब निघाली. आता माझ्या लेडीज एक वाचते, बाकी सगळ्या हसते. भिंगरी तशीच पडून! मी बोललो, वाचा, मला पण ऐकवा. ये खेकसाई का गेम बनाना है मेरे को. पटावरचा. परमिशन द्या."

परमिशन! मी तिथेच बसलो होतो, हातातला चहा सांडला. आमच्या बाजारात जगातल्या कुठल्याही वस्तूची जुळी बहीण मिळते, आणि तिथला व्यापारी एका पुस्तकातल्या राक्षसिणीसाठी परवानगी मागायला आला होता. मी त्यांना तसं विचारलंही. त्यांनी कानाला हात लावले. "अरे भाई, कंपनीचा माल वेगळा. ही तर कुणाच्या तरी घरची बाई आहे. विचारल्याशिवाय कशी नेणार?"

काकांनी त्यांच्या खांद्यावर टकटक केलं, कान लावला आणि म्हणाले, "प्रेशर बरोबर आहे. दिलीप, कागद कर."

दुसऱ्या दिवशी दोघं माझ्या टेबलाशी हजर. मी हात जोडून सांगितलं की पुस्तकाच्या हक्कांचा मसुदा माझ्याकडे नाही, तुम्ही वकील गाठा.

"तुझ्याकडे कसला आहे?" काकांनी विचारलं.

"खोली भाड्याने द्यायचा."

काकांनी टेबलावर टकटक केलं, थोडा विचार केला. "मग तोच घे की. पुस्तक म्हणजे खोलीच. मालकी आपली, राहायला येणार दुसरा. मुदत संपली की होती तशी परत."

मी सुन्न होऊन टाइप करत गेलो. सदर राक्षसिणीस मालकाच्या परवानगीशिवाय खिळे ठोकू नयेत. सदर राक्षसिणीत पोटभाडेकरू ठेवू नये. मुदतीअंती सदर राक्षसीण, नैसर्गिक झीज वगळता, ताब्यात घेतली त्या स्थितीत परत करावी. कुणीतरी आता हसेल म्हणून मी अधूनमधून वर बघत होतो. दोघांचे चेहरे लग्नाची यादी ठरवत असल्यासारखे. शेवटी मीच चेष्टेने विचारलं, लाइटबिलाचं कलम ठेवू का काढू? टेकचंदशेठ गंभीरपणे म्हणाले, "ठेवा ना. मी भरतो. कारखान्याचा मीटर माझाच आहे."

त्यानंतर काका खरोखर घरमालकासारखे दर महिन्याला कारखान्यात पाहणीला जाऊ लागले. एकदा मलाही घेऊन गेले. पटाचं चित्र तयार होतं. खेकसाईला सुळे, विस्कटलेले केस, लाल डोळे, सगळा थाट. काका बघत राहिले.

"एवढे दात नव्हते," ते म्हणाले. "दोन काढा. आणि चष्मा घाला."

चित्रकार माझ्याकडे बघायला लागला. मी छताकडे बघायला लागलो.

"चष्मा? राक्षसिणीला?" टेकचंदशेठ म्हणाले.

"त्याशिवाय तिला माणसाचे पाय मळलेत ते दिसणार कसं?"

चष्मा घातला गेला. मग नियमावरून वाजलं. शेठचं म्हणणं, सोंगटी खेकसाईच्या घरात पडली की मेली, पहिल्यापासून सुरुवात. काका ताडकन उठले. "तिच्या घरी कुणी मरत नाही! तिथं बसायचं. तीन डाव. जेवून पुढे जायचं."

"काका, तीन डाव पोरगा नुसता बसून राहणार? बोर होईल ना!"

"होऊ दे. बसायची सवय लागेल."

शेठनी शेवटी मान तुकवली. त्या चौकोनात छापलं, "पाय धुतलेस का? जेवलास का? मग तीन डाव बस इथं!" आणि नवल म्हणजे शहाडपासून बदलापूरपर्यंतच्या स्टेशनरीच्या दुकानांतून तो खेळ बऱ्यापैकी खपला. दर अकरा महिन्यांनी करार संपायचा. शेठ एक पट कापडात गुंडाळून काकांच्या घरी पोचवायचे, काका तो तपासून "झीज ठीक आहे" म्हणायचे आणि पुन्हा करार व्हायचा. मी हे सगळं पूर्ण शुद्धीत टाइप करत होतो, यावर माझा स्वतःचाच विश्वास बसत नाही.

या खेळामुळेच पुढचा प्रकार झाला. अंधेरीच्या एका फिल्मवाल्याच्या मुलांच्या हाती हा खेळ कुठूनसा पडला, आणि एका रविवारी आमच्या बिल्डिंगसमोर पांढरी गाडी उभी राहिली. सगळी बिल्डिंग गॅलरीत. काकांनी खाली उतरून गाडीच्या बॉनेटवर टकटक केलं. "इंजिन चांगलंय. आता माणसाचं बघू."

माणूस बोलायला गोड होता. "काका, मोठा पिक्चर करू. तळ्यातलं राज्य, ट्रिक सीन्स, गाणी. आणि तुमची आठही पुस्तकं मी नवी छापून देतो. प्रत्येक स्टेशनच्या स्टॉलवर दिसतील."

"आठही?" काकांनी विचारलं.

"आठही."

"आठवं जरा जाड आहे हो."

"जाड तर जाड. छापू."

काकांनी त्या माणसाच्या खांद्यावर टकटक करायला हात उचलला आणि तसाच खाली घेतला. त्या संध्याकाळी त्यांनी पूर्ण बिल्डिंगला आइस्क्रीम दिलं. नंतर पोटमाळ्याखाली उभं राहून वर बघत ते म्हणाले, "ऐकलंस ना गं?"

करार माझ्याच टेबलावर व्हायचा होता. या वेळी फिल्मवाल्याने वकिलाकडून मसुदा आणला होता. पेन काकांच्या हातात होतं. सही करायच्या आधी त्यांनी सहज विचारलं, "शेवट काय केलाय?"

"जबरदस्त आहे काका! हिरो खेकसाईच्या गुहेला आग लावतो. ती आत जळते, मोठा स्फोट, आणि सगळं राज्य मोकळं. थिएटरात शिट्ट्या पडतील."

काकांनी पेनाचं टोपण लावलं.

"अहो, खोटं असतं ते," फिल्मवाला म्हणाला. "कापसाची बाई करतो आम्ही."

"कापसाची असू दे. परत कशी करणार?"

"काय परत?"

"खोली जशी घेतली तशी परत करायची असते. तुम्ही जाळून टाकल्यावर मी ताब्यात काय घेऊ?"

फिल्मवाला मसुद्याची पानं उलटायला लागला. ताडपत्रीखाली जमलेले लोक एकदम बोलायला लागले. कुणी म्हणालं आजोबांचं डोकं फिरलंय, कुणी म्हणालं सही करा हो. मी काकांचा दंड धरला. "काका, पुस्तकं! आठही पुस्तकं! वाळवी सगळं खाऊन टाकेल. एका राक्षसिणीसाठी?"

काकांनी माझा हात हळूच सोडवला, पेन टेबलावर ठेवलं आणि चालू लागले. पांढरी गाडी परत आली नाही.

बिल्डिंग चिडली. मीही चिडलो. आयुष्यभर ज्याच्यासाठी वणवण केली ते दारात आलं आणि या माणसाने त्याला हाकलून दिलं, हे मला काही केल्या पचेना. आठवडाभर मी त्यांच्याशी बोललो नाही. मग एका दुपारी, आता याला चांगलं फैलावर घ्यायचं असं ठरवून, मी त्यांच्या उघड्या दारात जाऊन उभा राहिलो.

आत काका एकटेच पट मांडून बसले होते. पटावर दोन सोंगट्या, एक लाल, एक पिवळी. त्यांनी लालसाठी फासा टाकला. पाच पडले. पाचाने सोंगटी खेकसाईच्या घरावरून पुढे जात होती. काकांनी इकडेतिकडे पाहिलं, फासा बोटाने उलटवून चार केला आणि सोंगटी बरोबर तिच्या घरात नेऊन ठेवली.

मी थिजलो. हरण्यासाठी लबाडी करणारा माणूस मी जन्मात पाहिला नव्हता. आणि मग मला फरशी दिसली. मोरीपासून पटापर्यंत ओल्या पावलांचे ठसे उमटले होते. काकांचे पाय ओले होते.

"काका," मी म्हणालो, "मागे पडाल अशाने."

ते दचकले नाहीत. "कोण मागे पडतंय? बसलोय." थोडा वेळ ते पटावरच्या चष्म्याकडे बघत राहिले. "शिफ्टवरून आलो की दारातच खेकसायची. पाय धुतले का, जेवलात का. रोज. मी काय म्हणायचो माहितीय? जरा गप्प बसतेस का. मग तिने ते सगळं पुस्तकात घातलं." त्यांनी सोंगटी चौकोनात जराशी सरळ केली. "आता मला कोण विचारतं रे? हिला जाळल्यावर कोण विचारणार होतं?"

फैलावर घ्यायला आलो होतो मी. डोळे भरून आले होते आणि ते लपवायला त्या खोलीत जागाही नव्हती. मी चपला काढल्या आणि त्यांच्यासमोर बसलो.

"पिवळी कुणाची?" मी विचारलं.

"कुणाची नाही. टाक तू."

मी फासा टाकला. सहा पडले. मला खेकसाईच्या घरी जायला तीनच हवे होते. मी काकांकडे पाहिलं. त्यांनी मुद्दाम खिडकीकडे तोंड फिरवलं आणि म्हणाले, "माझं लक्ष नाहीये."

मी फासा उलटवला आणि पाय धुवायला उठलो.