पाटी आणि फळा

जालन्यात एमआयडीसीतल्या एका बियाणे कंपनीत ओमप्रकाश कॉम्प्युटरचं काम बघायचा. फावल्या वेळात त्यानं 'पाटी' नावाचा एक एडिटर बनवला होता, म्हणजे ज्यात प्रोग्रॅम लिहितात तो प्रोग्रॅम. तो फुकट होता आणि खुलाही. कुणीही त्याची प्रत घ्यावी, हवे ते बदल करावेत आणि आपलं वेगळं चालवावं. असं कधीतरी कुणीतरी करणार, हे त्याला मान्यच होतं. बायकोच करेल, हे मात्र ध्यानीमनी नव्हतं.

मोनिका मुलींना कोडिंग शिकवायची. पाटीत मराठी टाइप केलं की कर्सर भलतीकडेच उडी मारतो, हे तिनं नवऱ्याला दाखवलं, दुरुस्त करूनही दिलं. "बघतो," म्हणून त्यानं ते कित्येक महिने तसंच ठेवलं. शेवटी तिनं पाटीची प्रत घेऊन 'फळा' नावाचा वेगळा एडिटर सुरू केला. हळूहळू पाटीवरची निम्मी माणसं फळ्यावर गेली. घरात भांडण असं नव्हतं, फक्त जेवताना हा विषय कुणी काढत नसे. पण एकच काम दोघांनी दोन ठिकाणी करायचा दोघांनाही कंटाळा आला आणि फळा परत पाटीत मिसळायचं ठरलं.

ही बातमी ओमप्रकाश शुक्रवारी संध्याकाळी पाटी वापरणाऱ्यांच्या 'पाटी परिवार' या ग्रुपवर टाकायला गेला. घाईत ती 'आपला परिवार' या घरच्यांच्या ग्रुपवर पडली : "वर्षभरापूर्वी मोनिका वेगळी झाली होती. आता परत एकत्र यायचं ठरलं आहे. काही बाबतींत अजून मतभेद आहेत, ते उद्या बसून सोडवू. या काळात सांभाळून घेतल्याबद्दल सर्वांचे आभार." मग दोघांनीही फोन सायलेंट केले आणि कामाला लागले.

सकाळी दारात टेंभुर्णीहून आलेले त्याचे वडील रायभान आणि आई आसराबाई उभे. मोनिका चहा ठेवते तोच मंठ्याहून तिची आई गिरिजाबाई आली, डोळे सुजलेले. लेक वर्षभर वेगळी राहिली आणि आपल्याला कुणी कळवलं न्हाई, याचंच तिला रडू येत होतं. रायभाननं पाणी प्यायच्या निमित्तानं आत जाऊन पलंग किती आहेत ते पाहून घेतलं.

ओमप्रकाशनं फोन उघडला आणि कपाळावर हात मारला. मग त्यानं पाटी, फळा, प्रत सगळं समजावून सांगितलं. त्यावर विश्वास कुणाचाच बसला नाही. एका घरात राहून वेगळं म्हणजे तर जास्तच झालं, असं रायभानचं मत पडलं.

"ते मतभेद कुठं हायेत ते दाखव," आसराबाई म्हणाली.

त्यानं लॅपटॉप पुढे केला. जिथं दोघांचं जुळत नव्हतं तिथं डावीकडे त्याचं लिहिलेलं, उजवीकडे तिचं, आणि कोणतं ठेवायचं ते मशीन विचारत होतं. आसराबाईला त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण प्रत्येक ठिकाणी ती एकच विचारायची, चांगलं कोणाचं. ओमप्रकाशला आईसमोर खोटं बोलवेना. पहिलं मोनिकाचं निघालं. दुसरंही तिचंच. तिसऱ्याला मोनिका म्हणाली, यांचं चांगलंय.

"मंग हे तिचं तू तवाच का न्हाई घेतलं?"

"वाचलंच न्हाई, आई."

"उघडून बी पाह्यलं न्हाई?"

ओमप्रकाश मोनिकाकडे वळून म्हणाला, "तू हे केलं म्हणून माणसं टिकली. मी साऱ्या गावाचे आभार मानले, तुझेच राह्यले."

मोनिका स्क्रीनकडेच बघत होती. "पुढचं घ्या," ती म्हणाली, पण डोळे पुसायला तिला पदर लागला.

दुपारपर्यंत फळा पाटीत पूर्ण मिसळला. कर्सर गुमान जागेवर उभा राहिला. गिरिजाबाईनं दोघांची दृष्ट काढली. लॅपटॉप मध्ये होता, म्हणून त्याचीही निघाली.

संध्याकाळी रायभाननं ग्रुपवर टाकलं, "मिटलं." ओमप्रकाश लांबलचक खुलासा लिहायला बसला, तर मोनिकानं फोन काढून घेतला.

"राहू द्या. खोटं काय हाय त्यात?"

पुढच्या आठवड्यात आसराबाईचा फोन आला. गावातले बद्रीनाथ आणि शालू दोन महिन्यांपासून एकमेकांशी बोलत नव्हते.

"दोघांला घेऊन येऊन राह्यले," ती म्हणाली. "ते डावीकडं-उजवीकडं दाखवणारं चालू करून ठेव."