पाचवे मत

बाइंडरकाकांनी उत्तर न दिलेले पत्र आयुष्यात एकच होते. ते जेमतेम दहा पावलांवरून आले होते, आणि त्याला उत्तर देण्याचे टाळून आता सतरा दिवस झाले होते.

पत्र मोठे नव्हते. भिंतीपलीकडच्या खोलीत तालीम करणाऱ्या हेवी मेटल बँडच्या म्होरक्याने ते वहीच्या फाडलेल्या पानावर लिहिले होते. 'काका, आमचा ड्रमवाला बायकोच्या बदलीच्या गावी गेला. तीन महिन्यांपूर्वी त्याच्या जागी नवीन बाई घेतल्या. सहा वर्षांनी अल्बम करतोय. हा फसला तर पुन्हा आम्हाला कोणी उभं करणार नाही. बाईंना ठेवावं की नाही, यावर आमची दोन विरुद्ध दोन मतं आहेत. अकरा वर्षं आम्हाला तुमच्याइतकं कोणी ऐकलेलं नाही. पाचवं मत तुमचं. तोंडावर तुम्ही चांगलंच बोलाल, म्हणून लेखी कळवा. तुम्ही म्हणाल ते करू.'

सगळी पंचाईत 'अकरा वर्षं' या दोन शब्दांत होती. कारण अकरा वर्षांत काकांनी बँडचे एकही गाणे ऐकलेले नव्हते.

झाले होते ते असे. बँडने शेजारची खोली घेतली त्या दिवशी म्होरक्या दारात येऊन उभा राहिला. तो दिवसा मोटार चालवायला शिकवायचा, त्यामुळे साधे बोलतानाही समोरचा आता कशावर तरी आपटणार अशा आवाजात बोलायचा. "काका, आमचा त्रास होतो का?" त्याने विचारले. माणूस दारात उभा असताना त्याला खरे सांगणे काकांना कधीच जमलेले नव्हते. "छे छे, छान वाजवता की. चालू द्या," ते म्हणाले. दार लागले, काकांनी कपाटातून कापूस काढला, त्याचे दोन बोळे केले आणि कानात घातले. तेव्हापासून रोज संध्याकाळी पाच ते आठ बोळे कानात आणि हातोडी हातात. जुन्या ग्रंथांच्या पाठी ठोकत बसायचे. बँडने आपल्या पहिल्या अल्बमवर 'आमचे पहिले श्रोते, भिंतीपलीकडचे काका' असे छापून एक प्रत आणून दिली, तेव्हा काकांना दोन दिवस जेवण गेले नाही.

"मग खरं लिही," ताई म्हणाली. ती त्यांची थोरली बहीण. दोघे एकत्रच राहत. "लिही, की बाबांनो, मी बोळे घालतो."

"अकरा वर्षांनी?"

"मग काय, बाराव्या वर्षी लिहिणार आहेस?"

"ताई, तुझे कान चांगले आहेत. तूच सांग ना, नव्या बाई कशा आहेत ते."

"मला काय विचारतोस? मी पाचला घर सोडते. रोज संध्याकाळी मी वाचनालयात जाते ती काय मला वाचनाची आवड आहे म्हणून?"

तोवर काका सगळ्यांना बहिणीच्या वाचनाचे कौतुक सांगत असत.

त्यांनी उत्तरे लिहिली नाहीत असे नाही. बावीस लिहिली. पण 'बाई उत्तम वाजवतात' असे लिहिले की वाटे, आपल्याला काय कळते. 'ठेवू नका' लिहिले की वाटे, एका परक्या बाईच्या पोटावर, नव्हे, हौसेवर आपण पाय देतो आहोत. बावीसही कागद त्यांनी पुठ्ठ्यांच्या आतून चिकटवून टाकले. एका शब्दकोशाच्या पुठ्ठ्यात तर दोन परस्परविरोधी मते समोरासमोर बसली.

पत्र येत नाही असे पाहून बँडने मग उत्तर दुसरीकडे शोधायला सुरुवात केली.

"कळलं, काका," एका सकाळी म्होरक्या येऊन म्हणाला.

"काय कळलं?"

"काल दुसऱ्या गाण्याला तुमची हातोडी थांबली. एरवी कधी थांबत नाही; भिंतीला टेकून वाजवतो मी, ठोका पाठीत कळतो. आम्ही समजलो. काढून टाकलं ते गाणं."

काका त्या वेळी चहाचे आधण ठेवायला उठले होते. "अहो, तसं काही नव्हतं," ते म्हणाले.

"नका सांगू. तुम्ही मोठ्या मनाचे आहात."

पुन्हा असे नको, म्हणून त्या संध्याकाळी काकांनी हातोडी थांबूच दिली नाही. समोर एक जाडजूड कोश होता, त्याची पाठ ते ठोकत राहिले. दुसऱ्या दिवशी म्होरक्या आला तो घसा बसलेल्या गायकाचा निरोप घेऊन. "सोळा मिनिटांचं गाणं झालं काका. तुम्ही थांबेनात, मग आम्ही कसं थांबणार? पण झालंय जबरदस्त."

तिसऱ्या दिवशी काकांनी हातोडीला फडके गुंडाळले. हा उपाय त्यांना अगदी बिनधोक वाटला होता.

"मधे हळू ठोकलंत," म्होरक्या म्हणाला. "म्हणजे एक हळुवार गाणं हवं. आमच्याही मनात होतंच. गायकाला हळुवार येत नाही, पण शिकतोय बिचारा."

"अहो, माझ्यावर इतकं नका हो अवलंबून राहू."

"मग कोणावर राहू? दोघं म्हणतात, बाई दणकून वाजवतात. मला तर ऐकूच येत नाही. जुना कसा, वाजवला की छातीत बसायचा. सोमवारची टपाल बघतो. तुमचं पत्र आलं नाही तर नापसंती समजायची, असं ठरलंय आमचं. बाईंनाही तसं सांगितलंय."

हे ऐकून काकांनी हातातली शिवण बाजूला ठेवली. आजवर त्यांना वाटत होते की काही न लिहिण्याने कोणाचे काही बिघडत नाही. आता न लिहिलेले पत्रच एका बाईला घरी पाठवणार होते.

त्या दिवशी पाच वाजता काकांनी मन घट्ट केले आणि कानात बोळे घातले नाहीत. भिंतीपलीकडे सुरुवात झाली. एखादे भांड्यांचे कपाट जिन्यावरून खाली यावे, पण प्रत्येक भांडे मोजून नेमक्या पायरीवर पडावे, तसे काहीतरी ते होते. काकांनी खुर्चीचे हात धरून तीन गाणी काढली. चौथ्याला आपला पाय हलतो आहे असे पाहून ते चपापले आणि त्यांनी पाय खुर्चीखाली घेतला. वाईट नव्हते. पण नव्या बाई चांगल्या की जुना चांगला, हे कसे सांगणार? जुन्याला ऐकले होते कुठे?

आठ वाजता तालीम संपली. ताई वाचनालयातून आली तेव्हा काका भिंतीवरच्या फळीपुढे उभे होते.

"अरे, पुस्तकं मागे ढकलायची ना? दे, मी ढकलते."

"थांब, हात लावू नकोस."

फळीवर बांधून झालेली पुस्तके ठेवलेली असत. जुन्या ड्रमवाल्याच्या काळी ती संध्याकाळभरात हादऱ्याने पुढे सरकत. कोणी चार बोटे, कोणी एक बोट, आणि एखादे थेट खाली, खळीच्या वाडग्यात. रोज आठ वाजता ती वेचून मागे लावणे हा काकांचा नेम होता. गेल्या तीन महिन्यांत एकही पडले नव्हते, आणि हे आपल्या लक्षात कसे आले नाही याचे त्यांना आता नवल वाटले. पुस्तके सरकली होती, चांगली दोन बोटे सरकली होती, पण सगळी सारखी. जाड कोश आणि पातळ वही एका रेषेत. आयुष्यभर कागदाच्या कडा सरळ कापणाऱ्या माणसाने फळीवर पट्टी धरून पाहिली. कुठे केसभर फरक नव्हता.

"ताई," ते म्हणाले, "असं कापायला मला तीस वर्षं लागली."

त्यांनी बसून तेविसावे पत्र लिहिले. बोळ्यांची कबुली दिली, माफी मागितली, मग पुस्तकांची हकीकत लिहिली आणि शेवटी लिहिले, 'बाईंना ठेवा. अशी माणसं मिळत नाहीत.' साधे पाकीट त्यांना अशा कामाला अपुरे वाटले. म्हणून कापडी कोपऱ्यांचे पुठ्ठ्याचे पाकीट त्यांनी हाताने बांधले.

शनिवारी सकाळी ते चपला घालू लागले, तशी ताई म्हणाली, "दार दहा पावलांवर आहे. टपालपेटी दोन गल्ल्या सोडून."

"हातात दिलं तर तो माझ्यासमोर उघडून वाचेल."

"मग वाचू दे की."

"टपालानंच कळवा म्हणालाय तो," असे तो म्हणाला नव्हता तरी सांगून काका निघाले.

टपालपेटीपाशी एक चाळिशीची बाई पाकीट हातात धरून उभी होती. टाकू की नको, असा तिचा चेहरा होता. काकांना तो चेहरा ओळखीचा वाटला, कारण गेले तीन आठवडे तो त्यांनी आरशात पाहिला होता. त्या बँडच्या नव्या बाई होत्या. दिवसा त्या दातांच्या कवळ्या बनवत.

"तुम्ही भिंतीपलीकडचे काका ना?" त्या म्हणाल्या. "मी सोडतेय बँड. तोंडावर सांगवत नाही, म्हणून हे."

"का सोडता?"

"मोटार शिकवणारा आमचा दादा रोज म्हणतो ऐकू येत नाही. याहून जोरात वाजवलं तर ड्रम फुटेल हो."

काकांना राहवले नाही. आपण कधी नव्हे ते खरे बोलतो आहोत, हे त्यांना बोलून झाल्यावर कळले. "बाई, मी तर अकरा वर्षं कानात बोळे घालून बसलोय."

"मग? मीही घालते. सगळेच घालतात. नाहीतर कानाचे पडदे राहतील का? गायकसुद्धा घालतो."

"सगळे?"

"दादा तेवढा घालत नाही. पंचवीस वर्षं उघड्या कानांनी उभा आहे. म्हणूनच तर त्याला..." बाई बोलता बोलता थांबल्या.

"जुना छातीत बसायचा म्हणाला होता," काका हळूच म्हणाले.

"छातीतच बसायचा. कानात नाही. आणि हे त्याला कोण सांगणार?"

"मी नाही," काका घाईने म्हणाले. "म्हणजे, तेवढं माझ्याच्यानं व्हायचं नाही."

"माझ्याच्यानंही नाही. तुमच्या पाकिटात काय आहे?"

आता समोर उभ्या माणसाला चांगले सांगायचे होते आणि ते खरेही होते. तरी काकांच्या तोंडून शब्द फुटेना. असा प्रसंग त्यांच्यावर पूर्वी आलेला नव्हता. "तुमचं पाकीट आज टाकू नका," ते कसेबसे म्हणाले. "सोमवारची टपाल येऊ द्या."

बाईंनी त्यांच्याकडे नीट पाहिले आणि आपले पाकीट पर्समध्ये ठेवले.

काकांनी आपले पाकीट पेटीच्या फटीत सारले. ते अर्धे गेले आणि अडकले. पुठ्ठा जाड होता, कोपरे कापडी होते, बांधणी चोख होती. त्यांनी दाबून पाहिले, तिरपे करून पाहिले. बाहेर ओढायला गेले तर तेही येईना.

"सरका जरा," बाई म्हणाल्या. त्यांनी पाकिटाचा अंदाज घेतला, तळहात उचलला आणि कडेच्या बरोबर मधोमध एक ठोका दिला. पाकीट आत पडले; दुसरा ठोका लागलाच नाही.