म्हैस सुटली आणि गाणं गाजलं

घाटनांदूरच्या विजयमालाबाईंचं गाणं रेकॉर्ड होत होतं, आणि नेमक्या दुसऱ्या कडव्यात त्यांचे यजमान पंडितराव स्टुडिओचं दार ढकलून ओरडले, "अगं ये, म्हैस सुटली!"

स्टुडिओ म्हणजे हारिसच्या मोबाईल दुकानामागची खोली. भिंतींना गाद्या ठोकल्या होत्या, दाराला कडी मात्र नव्हती. विजयमालाबाई गेल्या, म्हैस बांधली, परत आल्या आणि पुन्हा पहिल्यापासून गायल्या. सासरी निघालेल्या पोरीचं हे गाणं त्यांनीच रचलं होतं. हळदीच्या मांडवात ते सुरू झालं, की बायका पदर डोळ्यांना लावायच्या. पंडितरावांनी मात्र ते कधी पुरतं ऐकलं नव्हतं. दोन ओळी झाल्या, की त्यांना हटकून एखादं काम आठवायचं.

हारिसने गाणं इंटरनेटवर टाकलं. फक्त चुकून पहिलं रेकॉर्डिंग टाकलं, म्हशीच्या हाकेचं.

"ते काढ आदी!" विजयमालाबाई दुकानात येऊन कडाडल्या. "कावून टाकलंस रे?"

"चुकलं, वहिनी. पण आता कसं काढू? लोकं नाचायलेत त्याच्यावर!"

खरंच होतं ते. 'सुटली' हा शब्द बरोबर ढोलकीच्या थापेवर पडला होता. अंबाजोगाईच्या वरातीत, परळीच्या रिक्षात, जिथे तिथे म्हैस सुटत होती. हारिसचे वडील सत्तारचाचा एके काळी कॅसेटी भरून विकायचे. तेही चक्रावले. "आमच्या टायमाला बाजारातल्या कॅसेटी संपल्या, की गाणं हिट. हे तर कॅसेटबिगर दुबईला गेलं!"

बघता बघता गाणं दहा लाख लोकांनी पाहिलं. गावात असं आजवर कुणाचंच झालं नव्हतं. पुढारी अमरसिंहांनी लगेच सत्कार ठरवला आणि चौकात बॅनर लावलं. त्यावर गॉगल घातलेले पंडितराव, शेजारी म्हैस, आणि कोपऱ्यात विजयमालाबाई. त्याही नथीवरून ओळखायच्या.

पंडितराव आता कलाकार झाले. गळ्यात मफलर आला, ताक बंद झालं. शेतातल्या गड्याला ते हातवारे करून बोलवू लागले. सरावासाठी हारिसने हाकेच्या आसपासचा तुकडा मोबाईलवर दिला होता, तेवढाच ते घोकत बसायचे.

"एकदा अख्खं गाणं तरी ऐका," विजयमालाबाई म्हणाल्या.

"माझं काम तेवढंच हाय," पंडितराव कुजबुजले. आवाज जपायचा होता.

सत्काराच्या दिवशी मैदान गच्च भरलं. "आज लाइव्ह रेकॉर्ड करू, वहिनी," हारिस म्हणाला. "डायरेक्ट कोटीला भिडवू!"

विजयमालाबाईंनी फणफणतच पहिली ओळ घेतली. दुसऱ्या ओळीला त्या राग विसरल्या. पंडितराव दुसरा माईक धरून मात्रा मोजत होते. पहिलं कडवं संपेपर्यंत त्यांचं मोजणं थांबलं. दुसऱ्या कडव्यात सासरी निघालेल्या पोरीचं नाव आलं, तारा. आणि पंडितराव आ वासून बघतच राहिले. तारा त्यांची धाकटी बहीण होती. गाडीत बसताना तिने दादाला शोधलं आणि दादा नेमका पंगती वाढण्यात अडकला होता, हे सगळं गाण्यात होतं.

हाकेची जागा आली. ढोलकीवर थाप पडली. पंडितरावांचा माईक खालीच राहिला.

"पंडितराव, म्हैस!" मैदान ओरडलं.

"आवं, सोडा की म्हैस!" अमरसिंह खुर्चीवरून उठले.

पंडितरावांनी माईक तोंडाशी नेला. "गप बसा की बे!" त्यांचा आवाज चिरकला. "गाणं चालू हाय!"

ओरडणारे खाली बसले. विजयमालाबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं आणि तेच कडवं पुन्हा पहिल्यापासून घेतलं. गाणं संपलं. मग अशा टाळ्या पडल्या, की अमरसिंह भाषण विसरून नाक पुसायला लागले.

"हारिस," विजयमालाबाईंनी हाक मारली, "आलं का रे समदं?"

हारिसने बाहीने डोळे पुसले, मशिनीकडे पाहिलं आणि जीभ चावली. "वहिनी… ऐकायच्या नादात बटन दाबायचंच ऱ्हाऊन गेलं."

विजयमालाबाई काही बोलायच्या आत पंडितरावांनी मफलर काढून ठेवला आणि स्टेजच्या कडेला मांडी घातली.

"मग काय झालं?" ते म्हणाले. "पुन्हा म्हन की."