नकाशाची पाठ

नोकरीच्या मुलाखतीत माझं बी.एस्सी.चं प्रमाणपत्र हातात घेऊन हटवार काकाजींनी आधी ते उलटं केलं. वाचलं नाही, उलटंच केलं. "पाठ तं कोरीच हाये," म्हणाले. "भरा आता."

आमच्या घराण्यात कॉलेज पाहिलेली मी पहिली. तो कागद मी दोन प्लास्टिकच्या पिशव्यांत घालून आणला होता. मला रागच आला. नंतर कळलं, हा माणूस जगातली प्रत्येक वस्तू उलटून पाहतो.

काकाजी म्हणजे पवनीतल्या आमच्या विणकर सोसायटीचे अध्यक्ष. जन्म मागावर गेला. समोरून पाहते ते गिऱ्हाईक, पाठ पाहते तो विणकर, असा त्यांचा हिशोब. पण हिशोब कापडावर थांबत नाही. खुर्ची उलटी करून मगच बसतात. एका लग्नात त्यांनी पत्रावळ उलटून पाहिली होती. वाढून झाल्यावर.

दोन वर्षांपूर्वी सोसायटीला नकाशा हवा झाला. बाहेरचे व्यापारी बाजारातल्या दुकानात साड्या पाहून परत जात. माग कोणाच्या घरी आहे, हे त्यांना कळतच नसे. ते थेट विणकराच्या दारात यावेत म्हणून चालू मागाच्या प्रत्येक घरावर नकाशात एक टिंब टाकायचं ठरलं. त्यासाठी सॉफ्टवेअर निवडायचं काम माझ्याकडे आलं.

नागपूरहून एका कंपनीचा टायवाला माणूस येऊन गेला. त्याचा नकाशा रंगीत, फिरणारा. सगळी कमिटी खूश. काकाजींनी त्याचा लॅपटॉप उचलला आणि खालून पाहिला.

"सर, खाली फक्त बॅटरी आहे."

"मंग याची पाठ कुठी हाये?"

त्याला काही समजेना. मीच सांगितलं, काकाजींना आतला कोड पाहायचा आहे. तो म्हणाला, कोड कंपनीचं गुपित असतं.

"उद्या धागा तुटला तं गाठ कोण मारन?"

"आमचे इंजिनिअर."

"कुठी रायते?"

"हैदराबादला."

"गाठ माराले हैदराबादहून पवनीले येते? बाप्पा!" आणि मग त्यांनी खरा प्रश्न विचारला. "यात मालकाच्या नावाखाली आजून एक रकाना टाकता येते का?"

त्यासाठी वरच्या ऑफिसला वेगळी मागणी करावी लागेल, असं उत्तर आलं. काकाजींनी लॅपटॉप खाली ठेवला.

मग मी खुली सॉफ्टवेअरं आणली. म्हणजे जी फुकट वापरता येतात आणि ज्यांचा कोड कोणीही पाहू शकतो, बदलू शकतो अशी. पहिलं सोसायटीच्या म्हाताऱ्या लॅपटॉपवर उघडेचना. दुसऱ्याला सारखं इंटरनेट लागायचं, आणि आमच्याकडे ते लाइटीसोबत जाते. तिसरं दिसायला रुक्ष, पण चाललं. त्याचा कोड मी काकाजींसमोर उघडून ठेवला. ओळीच ओळी. काकाजी मान हलवत बराच वेळ पाहत बसले.

"समजलं का काकाजी?"

"एक अक्षर नाई. पण दाखवाले लाजत नाई, हे समजलं."

खजिनदार कुरकुरले, "फुकटच्या मालाचा काय भरवसा?"

"पाठ दाखवून राहिला ना? बस. अन् गाठ माराले आपल्या ग्रॅज्युएट मॅडम हायेत."

मी त्या दिवशी घरी जाऊन आईला हे वाक्य जसंच्या तसं सांगितलं.

रकाना टाकायला मला दोन मिनिटं लागली. त्याचं नाव काकाजींनी सांगितलं: 'कांड्या कोण भरते'. विणणाऱ्याचं नाव सगळीकडे असते. चरख्यावर बसून त्याच्यासाठी सुताच्या कांड्या भरणारी घरातली बाई कुठंच नसते.

मग आम्ही गल्ल्या फिरलो. काकाजींचा नियम कडक. दारात उभं राहून मागाची खटखट ऐकू आली तरच टिंब. एका घरी खटखट ऐकून टिंब टाकलं, आत सुतार पाट ठोकत होता. त्यानंतर आत जाऊन पाहू लागलो.

शेवटचं घर काकाजींचं. आत माग होता, पण त्यावर चादर. काकाजी विणत नाहीत हे गावाला माहीत होतं. सोसायटीच्या कामात वेळ नाही, असं ते स्वतःच सांगत.

"काकाजी, नियमानं इथं टिंब येत नाही."

"मंग आजून एक रकाना टाक ना, पोरी. 'माग बंद' असा. काहून बंद, ते नको लिहू."

"काहून नको?" आतून काकूजी आल्या. त्यांच्या हातातली कपबशी किणकिणत होती. "माहे हात थरथरते आता, कांड्या भरता येत नाई. अन् दुसऱ्या कोणाच्या कांड्या हे लावतच नाई. म्हणते, सूत वळखत नाई मले."

काकाजी छताकडे पाहू लागले.

मी 'माग बंद' असा रकाना जोडून टिंब टाकलं. कांड्या कोण भरते: सुमन हटवार. लॅपटॉप काकूजींपुढे धरला. त्यांनी स्क्रीनवर बोट टेकवून आपलं नाव अक्षर अक्षर वाचलं. मग हसल्या.

"अजी, याची पाठ पाहिली का?"

काकाजींनी लॅपटॉपला हात लावला नाही. त्यांनी काकूजींचा हात स्क्रीनवरून उचलला, उलटा केला, आणि धाग्यानं बोटावर पाडलेली जुनी रेघ पाहत राहिले.

"पाहिली," म्हणाले.