निळ्या पट्टीवर उभे राहा

गुनिलाबाईंच्या घरी मी पहिल्यांदा गेलो तेव्हा त्यांनी मला तीनदा आत यायला लावलं.

त्यांचं पार्सल चुकून आमच्या दारात पडलं होतं आणि मी ते आमचंच समजून उघडलं होतं. आत रंगीत चिकटपट्ट्यांची रिळं होती. दुसऱ्याचं पार्सल फोडलं, हे माझ्या मनाला इतकं लागलं की माझी बायको वैशाली शेवटी वैतागून म्हणाली, "मिलिंद, खून नाही केलास. जा, देऊन ये."

दार उघडलं ते उंच, ताठ, पांढऱ्याशुभ्र केसांच्या बाईंनी. मी कबुली द्यायला सुरुवात केली. त्यांनी ती शेवटपर्यंत ऐकली आणि म्हणाल्या, "मजकूर चांगला आहे. पण तुम्ही वाक्याच्या आधीच रडवेले झालात. वन्स मोर." आणि दार लावून घेतलं.

तसंच निघून जाणं बरं दिसेना, म्हणून मी पुन्हा बेल वाजवली. दुसऱ्या वेळी मी पार्सल फार वर धरलं होतं. तिसऱ्या वेळी त्या म्हणाल्या, "हं, आता माणूस वाटताय. या." आपल्याकडे प्रेक्षक नटाला वन्स मोर देतात. इथे टेक्सासमधल्या फ्रिस्कोत नटीनेच प्रेक्षकाला दिला.

आत जाताना मी सवयीने बूट काढले.

"काय करताय?"

"सॉरी, आमच्यात बूट घालून घरात येत नाहीत."

"आमच्यातही," त्या म्हणाल्या. "स्वीडनमध्ये. इथे माझं निम्मं आयुष्य लोकांना हे सांगण्यात गेलं."

त्या दिवसापासून मी त्यांचा 'मिस्टर सॉरी' झालो आणि त्या आमच्या गुनिलाबाई.

रिळांचा उलगडा आत गेल्यावर झाला. घरभर जमिनीवर पट्ट्या चिकटवलेल्या. दाराशी पिवळी, सिंकपुढे हिरवी, खिडकीशी निळी. एकावर एक इतके थर की मी दोनदा ठेचकाळलो. "तुम्ही निळ्यावर उभे राहा," त्यांनी हुकूम सोडला. शूटिंगच्या वेळी नटाने कुठे थांबायचं त्याची खूण अशी जमिनीवर करतात, तिला मार्क म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. मार्क चुकला की नट पडद्यावर अंधुक दिसतो. त्यांचे नवरे वॉल्टर कॅमेऱ्याचा फोकस सांभाळायचे.

"वॉल्टर माझ्याकडे कधी बघायचाच नाही," त्या सांगत. "पट्टीकडे बघायचा. एक दिवस मी मुद्दाम पट्टी सोडून थेट त्याच्यापाशी जाऊन थांबले. सीन वाया गेला. लग्न झालं."

वॉल्टर टेक्सासचे. म्हातारपणी त्यांनी बाईंना इथे आणलं आणि काही वर्षांनी ते गेले. त्यांच्या आठवणीसाठी बाईंनी पट्ट्यांचा हा छंद जपलाय, असं मी धरून चाललो. प्लंबरलाही मार्क होता. तो मार्कवर सरळ उभा राहत नाही, अशी त्यांची तक्रार होती.

बाईंची कारकीर्द आम्हाला आमच्या लेकीने, अन्वीने, फोनवर शोधून दाखवली. तरुणपणी त्या स्वीडनमधल्या नावाजलेल्या नटी होत्या. तळ्याकाठी गप्प बसून राहण्याचे सिनेमे. "अख्ख्या सिनेमात माझी चार वाक्यं," त्या म्हणत, "त्यातली दोन घोड्याला." मग बेटावर राहणाऱ्या एका पाद्र्याच्या कुटुंबाची टीव्ही मालिका आली आणि त्या घराघरात पोचल्या. तिथून अमेरिका. इथे मात्र त्यांच्या वाट्याला जन्मभर परकी बाईच आली. रशियन हेर, जर्मन डॉक्टर, नॉर्वेची विधवा, एकदा तर दुसऱ्या ग्रहावरची राणी. "उच्चार तोच. फक्त टोपी बदलायची." आणि शेवटी बहुतेक वेळा मरायचं.

"बाबा, शी डाइज इन एव्हरीथिंग," अन्वी म्हणाली.

असं त्यांच्यासमोर बोलू नकोस, म्हणून मी तिला बजावलं आणि पुढच्याच कॉफीला स्वतःच सांगून मोकळा झालो, कारण कुठलीही गोष्ट मनात ठेवली की मला अन्न गोड लागत नाही. बाई उलट खूश झाल्या. "बर्फात मरणं सोपं, थंडी मदत करते. लिफ्टमध्ये मरून दाखवावं."

त्या आमच्याकडे पहिल्यांदा जेवायला आल्या तेव्हाची गोष्ट वैशाली अजून सांगू देत नाही, तरी सांगतो. स्वीडनच्या उत्तरेला 'हो' म्हणायचं असेल तर लोक झटक्यात श्वास आत ओढतात. हे आम्हाला कुठून ठाऊक असणार? वैशालीने विचारलं, "अजून एक पुरणपोळी?" बाईंनी हुप्पदिशी श्वास घेतला. वैशाली घाबरली. "दमा आहे रे त्यांना," असं कुजबुजत तिने ओव्याची पुरचुंडी तव्यावर गरम करून आणली आणि त्यांच्या छातीशी धरली. "आता बरं वाटतंय?" पुन्हा हुप्प. बाई सगळं जेवण एका हाताने जेवल्या, दुसऱ्या हाताने पुरचुंडी धरून. पुरणपोळी अशीच खातात, असं त्यांना वाटलं. पुढच्या वेळी पोळी वाढल्यावर त्यांनी पुरचुंडी मागून घेतली.

मध्ये त्यांनी गाडी विकून टाकली. "पृथ्वीसाठी," असं त्या माझ्या एसयूव्हीच्या दिशेने तोंड करून म्हणाल्या. मला इतकं अपराधी वाटलं की टेक्सासच्या उन्हाळ्यात मी काही दिवस भाजी आणायला चालत गेलो. त्यानंतर मात्र बाईच माझ्या गाडीतून भाजीला यायला लागल्या.

आणि यंदा त्यांना काम आलं. कितीतरी वर्षांनी. एका मालिकेत शेतावरच्या आजीची भूमिका होती. लग्न करून दूरदेशातून टेक्सासला आलेली आजी. "मिस्टर सॉरी, ही बाई शेवटपर्यंत जिवंत आहे," त्या म्हणाल्या, आणि मग हळूच, "हे गेलं तर पुढचं येणार नाही. माझ्या वयात पुढचं नसतं."

निवड होण्याआधी घरच्या घरी एक सीन करून त्याचा व्हिडिओ पाठवायचा होता. बऱ्याच वर्षांनी परतलेला मुलगा स्वयंपाकघरात उभा आहे आणि आई त्याला म्हणते, तुझी खोली मी तशीच ठेवली आहे. मुलाची वाक्यं मी म्हणायची. "लय कानात बसली पाहिजे," म्हणून बाईंनी तो सीन माझ्याकडून परत परत मोठ्याने वाचून घेतला. माझ्या तोंडी टेक्सासचा शेतकरी नागपूरचा वाटत होता. प्रत्येक वाक्यानंतर मी सॉरी म्हणत होतो. "मुलगाही तेच म्हणतोय, चालू द्या," त्या म्हणाल्या.

फोन स्टँडवर लावून मी रेकॉर्डिंग सुरू केलं. पण माझा घसा कोरडा पडला होता, म्हणून पायमोज्यांतच, आवाज न करता, मी निळ्या पट्टीवरून सिंककडे पाणी प्यायला सरकलो. तेवढ्यात बाईंनी सुरुवात केली. त्या दारातून आल्या, थांबल्या, मान वर केली, आणि त्यांचे डोळे भरून आले. खिडकीशी मी नव्हतोच. त्या रिकाम्या जागेकडे बघत त्या म्हणाल्या, "तुझी खोली तशीच आहे." मग थोडं थांबून हसल्या. "आज माझ्याकडे नीट बघताय, मिस्टर सॉरी. असंच राहा."

पेला हातात घेऊन मी सिंकपाशी उभा होतो. गाडी, जाड पट्ट्या, कानात बसवायची लय, सगळं एकदम समजलं. मी तसाच पाय न वाजवता निळ्यावर गेलो आणि माझं वाक्य म्हणालो.

घरी आल्यावर मी वैशालीला काही सांगितलं नाही. अकरावीत वर्गातल्या मुलीला मार्क्स विचारले होते, तेही लग्नाआधी वैशालीला सांगून टाकणारा माणूस मी. पण हे बाहेर पडलं असतं तर बाईंचं काम गेलं असतं. मी पोटात ठेवलं. माझं वजन उतरलं.

बाईंची निवड झाली. शूटिंगला मी त्यांना घेऊन गेलो. शहराबाहेर एक खरं शेतघर होतं. कपडेपटातल्या बाईने त्यांच्यापुढे जाड तळव्याचे बूट ठेवले.

"ही बाई घरात बूट घालणार नाही," गुनिलाबाई म्हणाल्या.

"मॅम, टेक्सासच्या शेतावर सगळेच घालतात," दिग्दर्शक म्हणाला. तरुण होता, सौजन्याने बोलत होता. बाईंच्या हाताची बोटं स्कर्टची चुणी सरळ करत राहिली. त्यांना घाबरलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. बूट घातले की पट्टी पायाला कळणार नव्हती.

"सॉरी," मी म्हणालो. सगळे वळले.

"तुम्ही कोण?"

"शेजारी. सर, ही आजी बाहेरून इथे आलेली आहे ना? मीही आलोय. माझं जेवण बदललं, बोलणं बदललं, मुलगी मला इंग्रजीत उत्तर देते. बूट अजून दाराबाहेरच आहेत. ही आजी बाकी सगळं सोडेल, एवढं सोडणार नाही."

तो माझ्याकडे बघत राहिला. मग त्याने स्वतःच्या बुटांकडे पाहिलं. "पायमोजे द्या त्यांना," तो म्हणाला.

जमिनीवर मार्क लावणारी बाई पट्ट्यांची रिळं कमरेला अडकवून फिरत होती. मी तिच्याजवळ जाऊन विचारलं, "एकावर एक चार-पाच लावता येतील?" तिने माझ्याकडे पाहिलं, गुनिलाबाईंकडे पाहिलं, आणि गुडघे टेकून थर चढवायला लागली.

बाई दारातून आल्या. चालल्या. पाय पट्टीवर टेकला आणि त्या थांबल्या, नेमक्या तिथेच. मान वर करून म्हणाल्या, "तुझी खोली तशीच आहे." मुलाचं काम करणारा नट आपलं पुढचं वाक्य विसरला.

"सुंदर," दिग्दर्शक म्हणाला. मी बाईंच्या वन्स मोरची वाट बघत होतो. तो आला नाही.

परतताना गाडीत त्या म्हणाल्या, "पट्टी जाड होती."

"सॉरी."

"कधीपासून माहीत आहे?"

"आपण व्हिडिओ केला तेव्हापासून."

"आणि कुणाला सांगितलं नाहीत? तुम्ही?"

मी हुप्पदिशी श्वास आत ओढला.

त्या हसल्या. मग खिडकीकडे तोंड करून बोलायला लागल्या. नजरेतलं मधलं सगळं गेलंय, कडेचं थोडं उरलंय. माणूस उजेडाच्या पुढे उभा राहिला तर आकार कळतो. "म्हणून तुमची पट्टी खिडकीशी," त्या म्हणाल्या. "इतरांचं चालतं. तुम्ही अंधुक झालेलं मला चालणार नव्हतं."

मी गाडी चालवत राहिलो.

त्या रविवारी त्या आमच्याकडे जेवायला येणार होत्या. सकाळी मी दारापासून डायनिंग टेबलापर्यंत पट्ट्या चिकटवत बसलो होतो. "हे काय चाललंय?" वैशालीने विचारलं. मी सांगितलं. ती माझ्याशेजारी फरशीवर बसली आणि मी लावलेल्या प्रत्येक पट्टीवर आणखी एक थर लावून अंगठ्याने दाबत गेली. अन्वीने खुर्चीच्या पाठीला एक पट्टी गुंडाळली.

बाई आल्या. बूट काढले. पहिलं पाऊल टाकलं आणि थबकल्या. पायाच्या बोटांनी चाचपलं. दुसरं पाऊल, तिसरं. हात खुर्चीच्या पाठीवर पडला, तिथल्या पट्टीवरून फिरला.

त्या बसल्या नाहीत. वळल्या आणि आल्या तशा पट्ट्यांवरून दाराकडे परत निघाल्या.

"चुकलं का काही? सॉरी," मी म्हणालो.

"नाही," त्या म्हणाल्या. पायाच्या बोटांनी पट्टी पुन्हा एकदा दाबली. "वन्स मोर."

आणि बाहेर जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. आम्ही बेल वाजायची वाट बघत उभे राहिलो.